पाखराच्या पायातील वाळे

ओरगडमच्या कारखान्यांकडे पाठ फिरवून दक्षिणेस निघाले की पुढे वेदान्तांगळचे तळे लागते. तेथील गावकऱ्यांनी पक्ष्यांना पिढ्यान्‌पिढ्या अभय दिले. गोऱ्या शिपायांच्या बंदुका थांबविण्यासाठी त्यांनी १७९८ साली कलेक्टराकडून कौलही मिळविला. पक्ष्यांच्या विष्ठेने कसदार झालेले पाणी भातशेतीस लाभते, हा हिशेब त्यांना ठाऊक होता. पक्षी कोठून येतात, हे विचारण्याची गरज त्यांना भासली नाही. मग ज्ञानासाठी पाखराला जाळ्यात धरून त्याच्या पायात वाळे घालणे न्याय्य आहे काय?

डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन या शिक्षकाने १८९९ मध्ये क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची वाळी वापरली, आणि ही रीत शास्त्रीय झाली. आपल्याकडे १९२७ साली धारच्या पवारांच्या साहाय्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिचा आरंभ केला. पुढे सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली याच तामिळ किनाऱ्यावरील कोडिक्करै येथे हजारो पक्ष्यांना वाळी घातली गेली.

आक्षेप सोपा नाही. पाखराची संमती कोणी घेतलेली नसते. भय त्याच्या वाट्याला आणि ज्ञान आमच्या. लहान पक्ष्यांत तर शंभरातील एकाचीही वार्ता क्वचितच परत येते. पक्षिजातीचे हित होते, एवढेच उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. कारण एका जिवाला समूहाच्या खाती मांडण्याची सवय आम्हां सरकारी लेखणी चालविणाऱ्यांना फार लवकर जडते.

परंतु गावकऱ्यांच्या अभयालाही शीव असते. वेदान्तांगळचा पक्षी घरटे तळ्यात करतो आणि चारा भोवतालच्या तळ्यांत व शेतांत शोधतो. कित्येक पाहुणे तर हिमालयापलीकडून येतात. ज्याचा मार्गच ठाऊक नाही, त्याच्या मार्गावरील पाणथळ जागा राखावयाची कशी? येथे ज्ञान हाच दयेचा पुढचा टप्पा ठरतो.

मात्र त्यास एक अट हवी. उन्हाळ्यात ऊन चढू लागले की जाणता अभ्यासक जाळी गुंडाळतो. नोंदवहीतील रकाने रिकामे राहतात, पण जाळ्यात तडफडणारा जीव वाचतो. पाखरू आणि आकडा यांत निवड करावयाची वेळ येते, तेव्हा आकडा सोडण्याची तयारी असेल, तरच तो आकडा मिळविण्याचा अधिकार पोहोचतो, असे आम्हांस वाटते.

भारतीय वाळ्यावर मुंबईच्या त्या संस्थेस कळविण्याची विनंती कोरलेली असते. म्हणजे पत्ता पाखराचा नव्हे, माणसाचा असतो. ते वाळे पाखराला बांधून ठेवीत नाही. बांधले जातो ते आपण. पत्ता देऊन बसलेल्याने आलेल्या वार्तेस उत्तर द्यावयाचे असते, आणि ते उत्तर म्हणजे पक्षी परतेल तेव्हा तळ्यात पाणी असणे.