पकड

साधकहो, आज ज्या शब्दापाशी थांबायचे आहे तो शब्द आहे पकड, आणि तो उलगडण्यासाठी निमित्त घेतले आहे एका खेळण्याचे. कारण भक्ती काय, वैराग्य काय, त्यांचे मर्म थोरांच्या चरित्रातच सापडते असे नाही, ते मुलांच्या खेळातही दडून बसलेले असते. १९५७ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या हॅरोगेट येथे खेळण्यांचे प्रदर्शन भरले होते, तिथे फ्रेड फ्रान्सिस यांनी स्केलेक्सट्रिक या नावाने विजेवर धावणाऱ्या छोट्या मोटारी मांडल्या. त्याआधीच्या त्यांच्या गाड्या स्प्रिंगवर चालत, आणि एकदा सुटल्या की सोडणाऱ्याचा त्यांच्यावर काही अधिकार उरत नसे. नव्या गाडीला मार्गातल्या खाचेने धरले, खाचेच्या दोन्ही अंगांच्या धातूच्या पट्ट्यांतून तिला वीज मिळाली, आणि खेळणाऱ्याच्या हाती वेग कमी-जास्त करणारे साधन आले. पकडीचा हा पहिला पदर: मार्गाने गाडीला धरले, तेव्हा कुठे माणसाला ती चालवता आली.

या गाडीला सुकाणू नाही. हातातल्या नियंत्रकाचा चाप दाबला की वेग, सोडला की मंदी, एवढेच काय ते स्वातंत्र्य. सरळ मार्गावर चाप पुरता दाबायला कौशल्य लागत नाही, तिथे सगळेच शूर असतात. खरी परीक्षा वळणावर होते. पण गाडी वेगवान करायची तर नवखा माणूस आधी जोरदार मोटार आणतो, आणि मग पाहतो की चाके जागच्या जागी फिरताहेत, शेपूट बाहेर फेकली जात आहे आणि गाडी खाच सोडून जमिनीवर उलटी पडली आहे. शक्ती वाढली, पण ती झेलायला पकड नव्हती. साधनेतला पहिला उत्साह असाच असतो, हे तुम्हा-आम्हाला वेगळे सांगायला नको.

तर पकड कुठून येते? मागच्या टायरांतून. कारखान्यातून आलेला रबरी टायर डोळ्यांना गोल दिसतो, पण फिरवला की किंचित उडतो, आणि जितका क्षण तो उडाला तितका क्षण गाडी निराधार. जाणते लोक टायर रिमला चिकटवतात, मोटार मंद चालवून फिरते चाक बारीक पॉलिश पेपरवर टेकवतात आणि संपूर्ण रुंदीने मार्गाला स्पर्श होईपर्यंत घासत राहतात. बाहेरची कड जराशी गोलवतात, नाहीतर वळणात ती अडते आणि गाडी कलंडते. शर्यतीआधी चाके चिकटपट्टीवरून फिरवून धूळ काढणे, हे तर नित्यकर्मच. आता गंमत पाहा. याच गाडीच्या पुढच्या टायरांना ते नखांना लावायचे पारदर्शक पॉलिश फासतात, मुद्दाम, पकड घालवण्यासाठी! दिशा देण्याचे काम गाडीखालून खाचेत उतरलेल्या पात्याचे आहे. पुढची चाके तिथे स्वतःचे मत मांडू लागली तर पाते डळमळते. वीज गोळा करणाऱ्या तारांच्या विणलेल्या पट्ट्यांचेही तेच: त्या मार्गातल्या धातूच्या पट्टीला टेकून असाव्यात, पण फार ताठ राहिल्या तर पात्यालाच वर उचलतात. ज्याने धरायचे त्यानेच धरावे, इतरांनी नुसते सोबत चालावे.

बऱ्याच गाड्यांच्या पोटाखाली एक चुंबक असते. ते मार्गातल्या लोखंडी पट्ट्यांकडे ओढले जाते आणि गाडी वळणावर जणू खिळून राहते. पण शेपूट थोडी सरकून चुंबक पट्टीपासून दूर गेले की ती ओढ एकाएकी सरते, आणि सावरायला वेळ न देता गाडी बाहेर जाते. बापाच्या खांद्यावरून जत्रा पाहणाऱ्या पोराला गर्दी कधी लागतच नाही, म्हणून खाली उतरताच ते हरवते. मला विचाराल तर चुंबक काढून टाकावे, आणि अनेक मंडळांच्या स्पर्धांत ते काढायला लावतातही. त्याऐवजी शिशाचे पातळ तुकडे शक्य तितके खाली, चासीच्या मध्यभागी बसवतात. वेग घटतो हे खरे. पण आता गाडी सुटण्याआधी सरकते, सरकताना सांगते, आणि ते ऐकायला हात शिकतो.

त्याहून सूक्ष्म पदर सैलपणाचा. वरची बॉडी चासीला ज्या स्क्रूंनी जोडलेली असते ते घट्ट आवळण्याकडे आपला स्वाभाविक कल, पण अनुभवी माणूस ते अर्धा-एक फेरा उलटे फिरवून बॉडीला जरा हलती ठेवतो. मार्गाच्या सांध्यांवरचे हादरे आणि वळणातला बॉडीचा झोल मग तसाच टायरांपर्यंत पोहोचत नाही, टायर मार्गाला टेकून राहतात. सैल किती, हे मात्र पुस्तकातून कळत नाही. एका वेळी एकच बदल करावा, फेरीचा वेळ पाहावा, मग दुसऱ्याला हात लावावा.

गिअरविषयी थोडक्यात: मोटारीच्या दांड्यावर नऊ दात आणि मागच्या आसावरच्या चक्राला सत्तावीस, म्हणजे मोटार तीनदा फिरते तेव्हा चाक एकदा. मोठे चक्र लावले तर कमाल वेग उतरतो, पण उठाव वाढतो आणि रोधही वाढतो. या रोधातच सर्वांत खोल पदर आहे. गाडीला ब्रेकचे वेगळे यंत्र नसते. चाप पूर्ण सोडला की नियंत्रक मोटारीकडे जाणाऱ्या दोन्ही तारा एकमेकींना जोडतो. फिरती मोटार त्या क्षणी स्वतःच वीज निर्माण करू लागते आणि ती वीज तिच्याच फिरण्याला विरोध करते. हाताने सोडले, म्हणून गाडी धरली गेली. हे घडायला मात्र सरळ मार्ग संपण्याआधी सोडावे लागते, वळणात शिरल्यावर घाबरून सोडले तर उशीर झालेला असतो. काही नियंत्रकांवर हा रोध किती असावा हे ठरवायची कळ असते. मुरलेले स्पर्धक मार्ग पाहून आधी ती लावून घेतात, मोटार बदलण्याचा विचार त्यानंतर.