मुळांना हवा हवी

धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिराच्या परिसरात काळ्या मातीला तोटा नाही. पण नवं फॅलेनॉप्सिस ऑर्किड आणलंत, तर त्या मातीत लावू नका. सह्याद्रीतली सीतेची वेणी हीसुद्धा ऑर्किडच. ती झाडाच्या खोडावर वाढते. आधार घेते, रस शोषत नाही. मुळं मोकळ्या हवेत असतात.

फॅलेनॉप्सिसच्या मुळांनाही अशीच हवा हवी. म्हणून त्याची फुलं गळली की कुंडी बदला. मऊ, कुजलेली मुळं कापा, टणक ठेवा. कुंडीत झाडाच्या सालीचे तुकडे, थोडा कोळसा भरा. मुळं रुपेरी दिसली तरच पाणी द्या. हिरवीगार असतील तर थांबा. उन्हाच्या झळांपासून जपा.

जीव लावताना समोरच्याची गरज आधी ओळखावी. आज पाण्याचा तांब्या उचलण्याआधी मुळांकडे नीट पाहा.