टोळी घेऊन निघण्याआधी

चि. गणेश,

या हंगामात तू स्वतःचा ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या घेऊन ऊसतोडीची टोळी कोल्हापूरकडे नेणार, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. उचल, मुकादमी, कारखान्याचा करार यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला सांगायचंय ते बीडपासूनच्या साडेतीनशेएक किलोमीटरच्या वाटेबद्दल.

ट्रॉलीत माणसं बसवायला कायद्याची परवानगी नाही, आणि अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. तरी दिवाळी सरली की भांडी, शेळ्या, पोरं सगळं एकाच ताडपत्रीखाली निघतं. तू हे करू नकोस. सामान ट्रॉलीत जाऊ दे, माणसं एसटीने पाठव. 2023 पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे. ते पैसे कुणाच्या उचलीतून कापू नकोस, वाहतुकीच्या खर्चात धर.

आता गाडी. बालाघाट उतरून बार्शीकडे येताना ट्रॉल्या ट्रॅक्टरला मागून रेटतात, कारण आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाक. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे पुष्कळ पाहिलेत, त्यांचं ऐकू नकोस. ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल लॉकने जोडलेले आहेत ना, ते घर सोडतानाच बघ. शेतात वळायला आपण लॉक काढतो आणि तसंच रस्त्यावर येतो. मग जोरात ब्रेक मारला की एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर आडवा होतो. हुकाच्या पिनेला क्लिप हवी, शिवाय साखळी हवी. क्लिपच्या जागी तार पिळून भागवायचं नाही.

वाटेत सगळ्यात जास्त दगा देतं ते बेअरिंग. दर थांब्यावर खाली उतरून प्रत्येक हबजवळ हात नेऊन बघ. बाकीच्यांपेक्षा एखादा हब जास्त तापला असेल किंवा ग्रीस जळाल्याचा वास आला, तर पुढच्या गावापर्यंत रेटू नकोस. जाम झालेलं बेअरिंग साधं सामान असतं. तसंच पळवलं तर स्टब खराब होतो, चाकही निखळू शकतं. म्हणून बेअरिंगचा एक जोड, ग्रीस, ट्यूब, जादा पिना, पहार आणि जॅकखाली घालायला लाकडाचा जाड ठोकळा सोबत असू दे. टोळीतल्या दोघांना मोटारसायकलवर घे. एक सामान आणायला धावेल, दुसरा मागच्या गाड्यांना इशारा देईल.

पंक्चर झालं तर चाक होतं तिथंच सोडवायला बसू नकोस. टायर गेला तर जाऊ दे, हळूहळू डांबराखाली, कडक जमिनीवर गाडी घे. रात्र असेल तर ढाबा किंवा पेट्रोल पंप गाठ आणि सकाळीच काम काढ. ट्रॅक्टर बंद पडला की मागचा दिवाही जातो, अंधारात ट्रॉली दिसत नाही, आणि मोटारसायकलवाला थेट पाठीमागून येऊन आदळतो. दर हंगामात अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. मागच्या फाळक्यावर दोन्ही कडांना लाल रिफ्लेक्टर लाव, आणि चिखल-धूळ बसली की फडक्याने पूस. मागच्या ट्रॉलीला तर लावच, कारण शेवटी तीच दिसते.

जॅक लावण्याआधी दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून दगड लाव आणि ट्रॉलीखाली कुणाला शिरू देऊ नकोस. चाक बदलल्यावर समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळ, आणि चार-पाच किलोमीटरवर थांबून पुन्हा एकदा पाना फिरव. पण जागा सोडण्याआधी चाकांना लावलेले ते दगड उचल. काम झालं की आपण निघून जातो आणि दगड रस्त्यावरच राहतात. पुढच्या तासाभरात तिथून दूधवाला जातो, शाळेतनं पोर घेऊन येणारा बाप जातो. दगड ठेवणारा तू, तर उचलणाराही तूच. टोळीतल्या प्रत्येकाला हे निघतानाच बजाव.

ताशी वीस-पंचवीसच्या वर जाऊ नकोस. एक दिवस उशिरा पोचलास म्हणून कारखाना बंद पडत नाही. त्यावरून मुकादम ओरडला तर ओरडू दे.

निघायच्या दोन दिवस आधी दोन्ही ट्रॉल्या माझ्याकडे घेऊन ये. सगळे हब खोलून नवं ग्रीस भरू, रिफ्लेक्टर मी आणून ठेवतो.

तुझा,
मामा