परदेशातले पंधरा दिवस आणि व्यायामाची मात्रा

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव इथून परदेशी सहलीला जाणारी माणसं आता नवलाईची राहिलेली नाहीत. दुबई, थायलंड, सिंगापूर झालं की पुढच्या मे महिन्यात युरोप. त्यातले बरेच जण पंचेचाळिशी-पन्नाशीचे. डॉक्टरांनी साखरेचा किंवा रक्तदाबाचा आकडा दाखवल्यावर वर्ष-दोन वर्षांपासून पहाटे चालू लागलेले किंवा जिममध्ये जाऊ लागलेले. बॅगा भरताना त्यांच्यासमोर एक प्रश्न हमखास येतो : पंधरा दिवस व्यायामाचं काय करायचं? काही जण ठरवतात की घरचं वेळापत्रक तिकडेही जसंच्या तसं चालवायचं. तीन दिवसांत ते कोलमडतं आणि उरलेली सहल अपराधी वाटण्यात जाते. बाकीचे ठरवतात की आता थेट परत आल्यावरच. मला हे दोन्ही निर्णय चुकीचे वाटतात, कारण दोन्हींमध्ये व्यायाम म्हणजे एकतर पूर्ण किंवा शून्य असं धरलेलं आहे. माझं म्हणणं असं की सहलीच्या पंधरा दिवसांकडे एखादा धावपटू मोठ्या शर्यतीआधीच्या पंधरा दिवसांकडे बघतो तसं बघावं. व्यायामाची मात्रा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आणावी, पण तीव्रता कमी करू नये आणि धागा तुटू देऊ नये.

परदेशात राहून शरीर तयार ठेवणं म्हणजे काय, हे बीड जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे सहा-सात किलोमीटरवरच्या शाळेत पायी आणि पळत जायचा. बारावीनंतर तो लष्करात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचिनचा बर्फ, राजस्थानची वाळू आणि सिक्कीम अशा ठिकाणी त्याची नेमणूक झाली. तीन हजार मीटर स्टीपलचेस ही त्याची शर्यत. पुरुषांसाठी 91.4 सेंटिमीटर उंचीचे अडथळे 28 वेळा ओलांडायचे, शिवाय पाण्याच्या खड्ड्यावरून सात उड्या. गेल्या काही वर्षांत त्याच्या सरावाचा मोठा भाग परदेशात, अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जसारख्या उंचावरच्या ठिकाणी झाला. 2022 च्या मे महिन्यात त्याने कॅलिफोर्नियात पाच हजार मीटरचा 1992 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकलं. जुलै 2024 मध्ये पॅरिसला त्याने 8 मिनिटं 9.91 सेकंदांची वेळ नोंदवली. तो तिकडे फिरायला गेलेला नव्हता, त्याचं ते कामच आहे, हे खरं. पण या दर्जाच्या धावपटूंच्या तयारीतली एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. शर्यत जवळ आली की ते सराव वाढवत नाहीत, कमी करतात. याला टेपर म्हणतात. 2007 मध्ये बॉस्के आणि सहकाऱ्यांनी यावरचे 27 अभ्यास एकत्र तपासले. साधारण दोन आठवडे, मात्रा 41 ते 60 टक्क्यांनी कमी, तीव्रता मात्र तीच, अशा सरावाने कामगिरी सर्वांत जास्त सुधारते, असं त्यांना आढळलं. म्हणजे नेमके सहलीइतकेच दिवस व्यायाम निम्मा केल्याने जगातल्या उत्तम खेळाडूंचं काही बिघडत नाही. उलट साचलेला थकवा उतरतो.

हे पट्टीच्या खेळाडूंपुरतं खरं असेल, आपल्यासारख्यांचं काय, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर शिकागोच्या रॉबर्ट हिक्सन यांच्या 1980 च्या दशकातल्या प्रयोगांत मिळतं. त्यांनी लोकांना दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज 40 मिनिटं सायकल आणि धावण्याचा कठीण व्यायाम करायला लावला. मग पुढचे 15 आठवडे तो कमी केला, पण तीन वेगवेगळ्या प्रकारे. काहींचे दिवस सहावरून चार किंवा दोनवर आणले. काहींची मिनिटं 40 वरून 26 किंवा 13 वर आणली. काहींची फक्त तीव्रता कमी केली, दिवस आणि मिनिटं तीच ठेवली. पहिल्या दोन्ही गटांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता 15 आठवडे जवळपास टिकली. तिसऱ्या गटाची घसरली. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण सहलीत आपण नेमकं उलटं करतो : रमतगमत तासभर चालतो आणि व्यायाम झाला असं समजतो. दम लागेल अशी तेरा मिनिटं त्या तासापेक्षा जास्त राखतात. सगळंच सोडलं तर काय होतं, हेही मोजलेलं आहे. वर्षानुवर्षं सराव केलेल्या खेळाडूंनी तो पूर्ण थांबवला तेव्हा पहिल्या तीन आठवड्यांत त्यांची ही क्षमता सुमारे सात टक्क्यांनी उतरली, असं एडवर्ड कॉइल यांच्या 1984 च्या अभ्यासात दिसलं. त्याचं मुख्य कारण रक्ताचं आकारमान घटणं हे होतं. स्नायू इतक्या लवकर झिजत नाहीत. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे. डेन्मार्कमध्ये निरोगी तरुणांची रोजची पावलं दहा हजारांवरून दीड हजारांखाली आणली, तर दोनच आठवड्यांत त्यांचं शरीर इन्सुलिनला पूर्वीइतकं दाद देईना. बसून काढलेले पंधरा दिवस साखरेला लगेच कळतात.

मग हॉटेलच्या खोलीत नेमकं करायचं काय? पलंग आणि भिंत यांच्यामध्ये सहा फूट लांब, अडीच फूट रुंद जागा असते. तेवढी पुरते. पाटोद्याच्या राहुल आवारेने 2018 मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलचं सुवर्ण जिंकलं आणि 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. तो ज्या तालमीच्या परंपरेतून आला, तिथल्या जोर-बैठकांना कुठलंच यंत्र लागत नाही. सूर्यनमस्काराचंही तेच, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तो घराघरांत नेला, तो याच गुणावर. जोर जमत नसतील तर हात पलंगाच्या काठावर ठेवून काढावेत, म्हणजे छातीवरचा भार हलका होतो. सोपे वाटू लागले की हात जमिनीवर आणि पाय पलंगावर. बैठका सहज होत असतील तर पाठीवरची सॅक सामानासकट पोटाशी धरावी, खाली जायला मनात चार आकडे मोजावेत, तळाशी क्षणभर थांबावं आणि मग उठावं. अशा बारा बैठकांनंतर मांड्या बोलू लागतात. घाईघाईने काढलेल्या पन्नासांनी तसं होत नाही. मग हॉटेलचा जिना : चार मजले भराभर चढायचे, सावकाश उतरायचे, असं तीन-चार वेळा. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं, एक दिवसाआड. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून याची मर्यादा आधीच ठरवून घ्यावी. पोचल्याचा पहिला दिवस मोकळाच सोडलेला बरा. बीडहून रात्रभर गाडीने मुंबई, पुढे आठ-दहा तास विमान, असा तो बसून झालेला दिवस असतो. चार तासांहून लांबच्या प्रवासात शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्येच सांगितलं आहे. म्हणून त्या दिवशी विमानात दर तासाला उठणं, पोटऱ्या हलवत राहणं आणि उतरल्यावर उजेडात चालणं, इतकंच.

यावर पहिला आक्षेप असतो तो असा की सहलीत चालणं भरपूर होतंच. स्वतःच्या पायांनी शहर बघणाऱ्यांच्या बाबतीत ते खरं आहे, आणि त्यांना साखरेची तरी काळजी नको. पण आपल्याकडचे बहुतेक लोक गटाच्या सहलीने जातात. सकाळी बसमध्ये बसायचं, ठिकाणापाशी उतरायचं, फोटो काढायचे, पुन्हा बस. शिवाय सपाटीवरचं चालणं हात, खांदे आणि पाठ यांच्यासाठी काहीच करत नाही. चालणं होत असेल तर ते मात्रेचा भाग समजावं आणि तीव्रतेची वीस मिनिटं वेगळी काढावीत.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो, आणि तो बीडमध्येच अधिक टोचतो. ज्या जिल्ह्यातून दर हंगामात लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, तिथे परदेशातल्या सुट्टीतल्या व्यायामाची चर्चा करणं म्हणजे भरल्या पोटाचे चोचले नाहीत का? अंगमेहनत करणाऱ्याला जिम कशाला लागते? या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. ऊसतोड मजूर पहाटे चारला फडात उतरतो, वाकून तोडतो, मोळ्या बांधतो आणि त्या डोक्यावर घेऊन गाडीवर चढवतो; बाई तेच करून वर स्वयंपाक आणि लेकरं सांभाळते. मुकादमाची उचल फेडायची असते आणि एक दिवस बसलं तर खाडा पडतो. एवढ्या कष्टांनी शरीर पोलादी व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात कंबर, मान आणि गुडघे चाळिशीच्या आत जातात. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तो याच जिल्ह्यावरून. खाडा पडू नये ही भीती त्या शस्त्रक्रियांमागे होती, हे तेव्हा बायकांनीच सांगितलं. शरीर भाराने कमकुवत होतं आणि नंतरच्या विश्रांतीत पूर्वीपेक्षा मजबूत होतं. विश्रांती काढून घेतली की त्याच भाराची झीज होते. कष्ट आणि व्यायाम यांतला फरक इथे आहे, घामात नाही. म्हणून ऊसतोड मजुरासाठी मागायची गोष्ट म्हणजे भरपगारी सुट्टी, दवाखाना आणि उचलीतून सुटका. त्याला व्यायामाचं महत्त्व सांगणं निर्दयपणाचं होईल. आणि जो सुट्टी घेऊ शकतो, त्याने विश्रांतीला व्यायामाचा शत्रू मानू नये. ती व्यायामाचा अर्धा भाग आहे. सहलीत मात्रा निम्म्यावर आणा असं मी म्हणतो, ते यामुळेही. सुट्टीत रोज पहाटे पाचला उठून तासभर घाम गाळणारा माणूस आपलीच विश्रांती बुडवतो.

तिसरं म्हणणं साधं आहे : पंधरा दिवस सगळं सोडू, आल्यावर पुन्हा धरू. शरीराच्या हिशेबाने यात फारसं नुकसान नाही. वर सांगितलेले सात टक्के महिन्या-दोन महिन्यांत भरून निघतात. अडचण पुन्हा धरण्याची आहे. अमेरिकेत नोव्हेंबर ते जानेवारीच्या सणांच्या काळातलं वजन मोजणारा एक अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वाढ अर्ध्या किलोहूनही कमी होती, पण ती नंतरच्या महिन्यांत उतरलीच नाही. आपल्याकडेही मे महिन्यातल्या सहलीनंतर लगेच जून येतो. शाळा सुरू होतात, पेरणीची घाई असते, पाऊस असतो, आणि पहाटेचं चालणं दिवाळीपर्यंत पुढे ढकललं जातं. एक दिवसाआडच्या वीस मिनिटांनी ताकद राखली जातेच, पण त्यांचा मोठा उपयोग हा की परतल्यावर नव्याने सुरुवात करावी लागत नाही. फक्त पहिल्या आठवड्यात थेट पूर्ण मात्रेवर जाऊ नये. दम लवकर परत येतो, सांधे आणि स्नायुबंध थोडे मागून येतात, आणि बहुतेक दुखापती या अंतरातच होतात.

हे सगळं पंधरा-वीस दिवसांच्या सहलीचं झालं. आपल्या भागातून परदेशी जाणाऱ्यांत आणखी एक मोठा गट आहे, आणि त्याला हा नियम लावता येत नाही. मुलगा पुण्यात शिकून अमेरिकेत स्थिरावलेला असतो. साठी-सत्तरीचे आईवडील नातवासाठी पाच-सहा महिने न्यू जर्सीला किंवा टेक्सासला जातात. एका तुलनात्मक प्रयोगाचे निकाल 2011 मध्ये आले. सोळा आठवडे वजनांचा व्यायाम केल्यावर तरुणांना स्नायू टिकवायला नवव्या भागाइतका व्यायामही पुरला, पण साठी ओलांडलेल्यांचे स्नायू तिसऱ्या भागाच्या व्यायामावरही घटले. वयाबरोबर कमी मात्रेची ही सवलत आटत जाते. आणि या मंडळींचा बराचसा व्यायाम त्यांच्या रोजच्या जगण्यात दडलेला असतो, म्हणून तो सुटल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. अंबाजोगाईतली आई रोज योगेश्वरीच्या दर्शनाला चालत जाते, पाणी आलं की बादल्या उचलते, खाली बसून भाजी निवडते, उकिडवी बसून फरशी पुसते. दिवसातून वीस-पंचवीस वेळा ती जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठते. तिकडे सोफा, खुर्ची, कमोड आणि घराच्या दारातून दुकानाच्या दारापर्यंत मोटार. जानेवारीत अंगणात बर्फ. सहा महिन्यांनी ती परत येते तेव्हा पाटावरून उठताना तिला भिंत धरावी लागते, आणि घरातले म्हणतात, वय झालं. त्यातलं किती वयाचं आणि किती त्या सहा महिन्यांचं, हे तपासण्याच्या फंदात कुणी पडत नाही. तिच्यासाठी मात्रा कमी करण्याचा प्रश्नच नाही. गेलेली हालचाल मोजून परत घालायला हवी. दिवसातून दोनदा हात न टेकता खुर्चीवरून दहा-पंधरा वेळा उठणं, एका वेळचं जेवण सतरंजीवर, दुधाच्या भरलेल्या कॅनची उचल-ठेव, आणि बर्फाच्या दिवसांत मॉलमध्ये अर्धा तास भराभर चालणं. विमानाचं तिकीट काढताना मुलगा विमा काढतो, गोळ्यांचा सहा महिन्यांचा साठा सोबत आणायला सांगतो. आईला रोज चालत जाता येईल असा रस्ता आपल्या घराजवळ कुठे आहे, हेही त्याने त्याच आठवड्यात शोधून ठेवावं.