संसार मोडल्यानंतरचे देणे

मंदिरात विवाहसंस्कार पार पडतो, वधूवर आणि साक्षीदार नोंदवहीत सह्या करतात, आणि त्या गडबडीत कोणाच्या ध्यानीही येत नाही की एकाच सहीने दोन विवाह झाले आहेत. एक परमेश्वरासमक्ष, ख्रिस्तसभेच्या विधीनुसार. दुसरा शासनासमक्ष, 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार. महाराष्ट्रात धर्मगुरूने रीतसर लावलेला विवाह हाच कायद्याचाही विवाह असतो. (गोव्यातील रीत निराळी, तेथे नागरी नोंदणीला स्वतंत्र महत्त्व आहे.) आत जाण्याचे दार असे एकच. बाहेर पडण्याची वेळ आली म्हणजे मात्र दारे दोन होतात, आणि ती एकमेकांकडे तोंड करून नाहीत.

ख्रिस्तसभा घटस्फोट देत नाही. विवाहाच्या दिवशी दिलेली संमती खरी, मोकळी आणि जाणती होती की नव्हती, एवढेच धर्मप्रांतीय न्यायालय तपासते. ती तशी नव्हती असे सिद्ध झाले तर तो विवाह मुळातच झाला नव्हता असा निर्वाळा मिळतो. त्यालाच लोक ‘चर्चचा घटस्फोट’ म्हणतात, ते चूक आहे. पूर्वी अशा निर्वाळ्यावर दुसऱ्या धर्मन्यायालयाचे शिक्कामोर्तब लागत असे. पोप फ्रान्सिस ह्यांनी 2015 साली ती अट काढून टाकली. परंतु हा कागद शासनाच्या दरबारी चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली तसे स्पष्ट केले आणि 2017 साली पुन्हा तेच सांगितले. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा न घेता केवळ धर्मन्यायालयाच्या निकालावर दुसरे लग्न करणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने द्विविवाहाचा गुन्हेगार ठरू शकतो. उलट दिवाणी न्यायालयाने मोकळा केलेला मनुष्य ख्रिस्तसभेच्या दृष्टीने बांधलेलाच राहतो.

ह्या दोन दारांमधल्या ओसरीवर आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी माणसे वर्षानुवर्षे बसून आहेत. त्यांच्याविषयी आपण बोलतो तेव्हा बोलणे बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते: त्यांना ख्रिस्तप्रसाद घेता येतो का? प्रश्न गौण नाही. (घटस्फोट झाला, पण पुनर्विवाह केलेला नाही, अशा व्यक्तीला केवळ घटस्फोटाच्या कारणाने ख्रिस्तप्रसादापासून दूर राहावे लागत नाही, हे अद्याप पुष्कळांना ठाऊक नसते.) परंतु मुलीच्या शाळेची फी कोण भरतो, हाही प्रश्न त्याच ओसरीवर उभा असतो, आणि तो विचारणारे फार थोडे. विवाहाचे बंधन अभंग आहे असे मानणाऱ्या समाजाने, संसार मोडल्यावर कोण कोणाचे किती देणे लागतो, हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक कसोशीने विचारायला हवा, असे आम्हांस वाटते.

कायद्याने तरी तो फार उशिरा विचारला. 1869 चा भारतीय घटस्फोट कायदा इंग्रजांनी स्वदेशातील 1857 च्या कायद्यावर बेतला होता. पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे एक कारण पुरे. पत्नीला मात्र बहुतेक वेळी व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसती मारहाण पुरत नसे. पती पत्नीच्या जाराकडून नुकसानभरपाई मागू शकत असे, जणू कोणाची गुरे आपल्या शेतात शिरली होती! इंग्लंडने हा भेद 1923 साली काढून टाकला. आपल्या भगिनींच्या माथ्यावर तो पुढे पाऊणशे वर्षे राहिला. केरळ उच्च न्यायालयाने 1995 साली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 साली त्यातील जाचक भाग घटनाबाह्य ठरविला, आणि 2001 साली संसदेने कायदाच सुधारला. क्रूरता व परित्याग ही स्वतंत्र कारणे झाली, परस्परसंमतीचा मार्ग खुला झाला, आणि दावा चालू असतानाची पोटगी पतीच्या उत्पन्नाच्या एकपंचमांशापलीकडे जाऊ नये ही जुनी मर्यादा गेली.

वाट सोपी झाली म्हणून संसार मोडू लागले, अशी तक्रार आपल्या मंडळींत ऐकू येते. ती सर्वस्वी खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. सहज मिळणाऱ्या गोष्टीची किंमत माणूस कमी करतो. तथापि वाट बिकट होती तेव्हा जे संसार टिकले ते सगळे संसार होते काय, हेही पाहावे लागेल.

प्रभू येशूला परुशांनी ह्याच विषयावर कोंडीत धरले होते. मोशेने सूटपत्राची मुभा दिली ती माणसांच्या कठोर अंतःकरणामुळे, आरंभापासून तसे नव्हते, असे त्याने उत्तर दिले. आपण हे उत्तर नियम म्हणून पाठ करतो, पण ते कोणत्या परिस्थितीत दिले गेले हे विसरतो. त्या समाजात सोडण्याचा अधिकार व्यवहारतः पुरुषाचा होता, आणि हिल्लेल ह्या धर्मपंडिताच्या मतानुसार स्वयंपाक बिघडला एवढे कारणही चालत असे. तेव्हा प्रभूचा नकार हा प्रथम त्या स्त्रीच्या बाजूचा होता, जिला कोणत्याही सकाळी हाती एक कागद देऊन घराबाहेर काढता येत असे. बंधन अभंग आहे ह्याचा एक अर्थ, जो तुझ्या हाती सोपविला आहे त्याला तू टाकून देऊ शकत नाहीस, असाही होतो.

हा अर्थ मान्य केला तर एक अवघड गोष्ट समोर येते. आपल्यात असे पती आहेत की जे न्यायालयाची पायरी कधी चढत नाहीत. पत्नी माहेरी, मुले आजोळी, स्वतः दुसरीकडे. महिन्याकाठी एक पैसा नाही. घटस्फोट घेतला नाही, म्हणून समाजात त्यांच्याकडे बोट दाखविले जात नाही. आणि जी स्त्री मुलांच्या पोटासाठी न्यायालयात अर्ज करते तिच्याविषयी मात्र ‘हिने संसार मोडला’ असे मंदिराच्या आवारात बोलले जाते. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाची भूमिका निराळी आहे. काही कायदेशीर हक्कांचे, मुलांच्या संगोपनाचे किंवा वारशाचे रक्षण करण्याचा दुसरा मार्गच उरला नसेल तर नागरी घटस्फोट सहन करता येतो, त्यात नैतिक अपराध नाही, असे तो स्पष्टपणे सांगतो. पहिला पुरुष बंधन पाळतो आणि दुसरी स्त्री ते मोडते, हा आपला हिशेब म्हणून उलटा आहे.

आता मुलांविषयी. ताब्याचा प्रश्न 1869 च्या कायद्याखाली आणि 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली सोडविला जातो. दोहोंच्या पलीकडे न्यायालयांनी एकच कसोटी धरली आहे: मुलाचे हित. बाप कमावता आहे म्हणून किंवा आई जन्मदात्री आहे म्हणून मूल आपोआप कोणाला मिळत नाही. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याचाही कल विचारात घेतला जातो. एका ख्रिस्ती दांपत्याच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1973 साली बजावले की मुले ही आईबापांची जंगम मालमत्ता नव्हे की खेळणी नव्हेत. ताब्याचा हुकूम कायमचा दगडावर कोरलेला नसतो, परिस्थिती पालटली तर तो पालटतो, हेही त्याच निकालाने सांगितले.

शलमोन राजापुढे दोन स्त्रिया होत्या आणि त्यांतील एक खोटी होती, म्हणून त्याची तलवार कामास आली. कुटुंब न्यायालयापुढे दोन खरे पालक उभे असतात. तेथे भेट देत नाही म्हणून पोटगी नाही, आणि पोटगी नाही म्हणून भेट नाही, असा सौदा चालतो, तो दोन्ही बाजूंनी. मुलाला बापाविरुद्ध पढविणारी आई आणि आईविरुद्ध भरविणारी आजी ह्यांना आपण बहुधा क्षमा करतो, कारण त्या दुखावलेल्या असतात. दुखावलेल्या असतातच. पण मुलाचा बापावरचा हक्क आईच्या दुःखातून उणा होत नाही. मुलांना ओलीस धरू नका, अशी कळकळीची विनवणी पोप फ्रान्सिस ह्यांनी कुटुंबाविषयीच्या आपल्या 2016 च्या प्रबोधनपत्रात केली आहे. ख्रिस्तसभेच्या कायदासंहितेतही एक बोलकी तरतूद आहे. विवाह शून्य ठरला तरी, तो निदान एका पक्षाने सद्भावाने केलेला असेल तर, त्यातून झालेली मुले औरसच राहतात. पतिपत्नी नव्हतो असे म्हणता येते, आईबाप नव्हतो असे म्हणता येत नाही. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीतून कोणाचेही नाव खोडले जात नाही.

मालमत्तेच्या बाबतीत कायदा अद्याप फार मागे आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे, निराळा विवाहपूर्व करार नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक समजली जाते आणि विभक्त होताना अर्धा वाटा ज्याचा त्याला मिळतो. महाराष्ट्रात तसे काही नाही. ज्याच्या नावे सातबारा त्याची जमीन. शिवाय ख्रिस्ती कुटुंबात वडिलार्जित मालमत्तेवर मुलाचा जन्मसिद्ध हक्क नसतो. बाप हयात आहे तोवर वाडी बापाची. म्हणून वसईकडील एखादी सून वीस वर्षे पहाटे उठून भाजीच्या जुड्या बांधते, पाटाचे पाणी वळविते, बाजाराची टोपली उचलते, आणि संसार मोडला की पती न्यायालयात सांगतो की माझ्या नावे काहीच नाही. ते कायद्याने खरे असते.

तिला दागिने परत मागता येतात. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली निवाऱ्याचा हक्क मागता येतो. दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्ता शपथेवर उघड करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली घालून दिले, त्याचाही आधार आहे. पण मुख्यतः तिच्या पदरी पडते ती पोटगी. शब्दच पाहावा: पोटापुरते. वीस वर्षांचे श्रम त्यात मोजले जात नाहीत. (1869 च्या कायद्याखाली पोटगी पत्नीलाच मागता येते, अपंग किंवा निराधार पतीला ती वाट नाही, हाही अन्यायच आहे.)

जमीन घराण्याबाहेर जाईल, ही आपल्याकडील खरी भीती आहे आणि ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. पिढ्यान्‌पिढ्या राखलेली वाडी तुकड्यांनी विकली जाताना पाहणे क्लेशाचे असते. पण येथे प्रश्न जमिनीच्या तुकड्याचा नसून तिच्यावर झालेल्या कष्टांच्या मोलाचा आहे, आणि ते मोल पैशांत, मुलांच्या शिक्षणात, राहत्या खोलीत चुकते करता येते. गरिबाला देताना आपले काही देत नसून त्याचेच त्याला परत करीत असतो, अशी शिकवण संत अँब्रोज ह्यांनी चौथ्या शतकात श्रीमंतांना दिली होती. पोटगीकडे ह्या दृष्टीने पाहणारा पती विरळा. कायदा जेथे थांबतो तेथे सद्‌सद्विवेकाचेही काम संपले, असे मात्र कोणत्याही ख्रिस्ती माणसाला म्हणता येणार नाही.

धर्मन्यायालय विवाह शून्य ठरविते तेव्हा परस्परांविषयी आणि मुलांच्या पोषण-शिक्षणाविषयी उरलेल्या कर्तव्यांची आठवण निकालातच करून द्यावी, असे कायदासंहिता सांगते. ते कलम निकालपत्राच्या शेवटी येते आणि पक्षकार बहुधा पहिल्या पानावरचा निर्णय वाचून घरी जातात. गावातील वडीलधारी मंडळी तंटा मिटवायला बसतात तेव्हाही एक रक्कम ठरते, दोन सह्या होतात आणि सारे उठतात. त्या बैठकीत एखादा जाणता वकील आणि हिशेब समजणारी एखादी भगिनी असावी. मुलांचे शिक्षण कोठवर व कोणाच्या खर्चाने, आजारपणाचे काय, सुट्टीत मूल कोणाकडे, आईने त्या घरात किती काळ राहावे, तिच्या श्रमांचे मोल किती धरले, हे सारे कागदावर यावे आणि मगच सह्या व्हाव्यात. धर्मग्राम मंडळाला एवढे करण्यासाठी कोणा वरिष्ठाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.