देवाने धोकटी का उचलली?



संत सेना महाराजांचे आख्यान आपण किती वेळा ऐकले असेल! महाराज पूजेत बसलेले, राजाचे बोलावणे आलेले, आणि पांडुरंग त्यांचे रूप घेऊन धोकटीसह राजवाड्यात हजर. श्रावण वद्य द्वादशीला, महाराजांच्या पुण्यतिथीला, मी हे आख्यान अनेक वर्षे लावले. वाटीतल्या तेलात राजाला चतुर्भुज रूप दिसते, तिथे माझा आवाज चढायचा. टाळकरीही तिथेच रंगायचे.

पण वाचकहो, एक साधा प्रश्न मला फार उशिरा पडला. देवाने राजाची दाढी नुसत्या संकल्पाने का नाही उतरवली? त्याला काय अशक्य होते? तरी त्याने पाणी लावले, वस्तरा धरला, हाताने काम केले. पूजा चालू आहे म्हणून सेवा माफ केली नाही.

हा प्रश्न मला ग्रंथातून सुचला नाही. वडिलांना अर्धांगवायू झाला होता. आळीतले म्हातारे नाभिकदादा घरी येऊन त्यांची दाढी करीत. पुढे त्यांचेच गुडघे गेले. माझी तर चातुर्मासात कीर्तने लागलेली. द्वादशीचे कीर्तन करून नारळ-उपरणे घेऊन घरी आलो, तर वडिलांनी मला पाहून तळहाताने गाल झाकला. तीन आठवड्यांची दाढी वाढली होती. जन्मभर टापटीप राहिलेला माणूस तो!

दुसऱ्या दिवशी बाजारातला सर्वांत स्वस्त वस्तरा आणला, कारण त्यांना वस्त्र्याचीच सवय. पहिल्याच फटक्यात हनुवटीखाली रक्त. तुरटी फिरवली आणि वस्त्र्याला शिव्या देत दादांकडे गेलो.

दादांनी तो हातावरच्या केसांवर फिरवून पाहिला. "बुवा, दुकानातून आणला तसाच लावलात ना? याला अजून धारच नाही. बोथट वस्तराच कापतो, कारण माणूस मग दाबतो."

त्यांनी शिकवले. बारीक दगडावर पाते आडवे, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली, धार पुढे. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र उलट: पाठ पुढे, धार मागे, नाहीतर पट्टाही फाटतो आणि धारही जाते. स्वस्त पोलादाची धार लवकर बसते, म्हणून दर वेळी पट्टा हवाच. गालाला कोमट पाणी, भरपूर फेस. म्हाताऱ्याची कातडी सैल, ती डाव्या हाताने ताणायची. वस्तरा जवळजवळ आडवाच धरायचा, केसांच्या कलाने न्यायचा. शेवटी पुसून तेलाचा हात, नाहीतर गंज.

ऐकायला सोपे. मला दोन महिने लागले. घाई झाली की हात दाबायचा. कीर्तनाला निघायच्या दिवशीच हटकून कापायचे, हे लक्षात आले तेव्हा मी स्वतःवरच खजील झालो.

पुढच्या वर्षी द्वादशीचे कीर्तन दुसऱ्या बुवांना दिले. वडिलांची प्रकृती खालावली होती. गावात कुरकुर झाली, एक ज्येष्ठ वारकरी म्हणाले, "नेम मोडू नये." त्यांचे चुकले असे मी आजही म्हणणार नाही. नेम मोडल्याचे मलाही वाईट वाटले.

त्या सकाळी पट्ट्याचा आवाज ऐकून वडिलांनी आपणहून मान मागे टाकली आणि डोळे मिटले. बाहेर मंदिरात टाळ सुरू झाले होते. मी गळ्यापासून सुरुवात केली.