सामाईक गुण

चौपन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी होण्यात एक प्रकारचा उल्हास असतो, तसाच थोडा संकोचही असतो. नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर आम्ही ग्रामविकासाच्या पदविकेसाठी नाव घातले, तेव्हा धर्मग्रामातील एका ज्येष्ठ स्नेह्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर आमची थट्टा केली, "आता या वयात कुणाचे पाहून लिहू नका म्हणजे झाले!" आम्ही हसलो. दुसऱ्याचे पाहून लिहिण्याहूनही वाईट असे काही विद्यार्थ्याच्या हातून घडू शकते, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

घरबसल्या शिक्षण आपल्याकडे नवे नाही. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले आणि संसारात, नोकरीत अडकलेल्या असंख्य स्त्रीपुरुषांना पदवीची वाट मोकळी झाली. त्या काळचा दूरस्थ विद्यार्थी बहुधा एकटा असे. टपालाने पुस्तके येत, रात्री जेवणखाण उरकल्यावर तो स्वाध्याय लिही. त्याचे यश त्याचे आणि अपयशही त्याचेच. पडद्यावरून शिकविणे सुरू झाल्यापासून या एकट्या जिवाला गटात बसविण्यात आले आहे. एकमेकांना कधीही न भेटलेल्या चार-पाच प्रौढांनी मिळून एक प्रकल्प सिद्ध करावा आणि त्याचे गुण सर्वांना सारखे मिळावेत, अशी ही योजना. हेतू उत्तम आहे. तथापि तिच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे: ज्याने काम केले नाही त्याचे नाव मुखपृष्ठावर घालावे काय?

आमच्या गटात चार जण होते. कोल्हापूरकडच्या एक शिक्षिका, नाशिकच्या कारखान्यातील एक तरुण कामगार, मूळची सावंतवाडीची पण कुवेतच्या रुग्णालयात परिचारिका असलेली एक भगिनी आणि आम्ही वसईकर. विषय पारंपरिक पाणीसाठ्यांचा होता. बाईंनी रंकाळ्यावर, परिचारिका भगिनीने सावंतवाडीच्या मोती तलावावर आणि आम्ही आमच्या बावखलांवर लिहावे. तक्ते व आकडेवारी कामगार मित्राने पाहावी, असे पहिल्याच बैठकीत ठरले. बावखल हा तर आमच्या जिव्हाळ्याचा विषय. वाडीच्या कडेचा तो गोड्या पाण्याचा डोह, त्यावरचा रहाट, आणि पुढे भराव घालून बुजविलेली कितीतरी बावखले! लिहायला बसलो की हात थांबत नसे.

बैठक मात्र काही केल्या जमेना. आमचे रात्रीचे नऊ म्हणजे कुवेतचे सायंकाळचे साडेसहा. भगिनीची पाळी सुटे सात वाजता. कामगार मित्राची पाळी दर आठवड्याला बदले. बाईंच्या दारात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. जे येत, ते पडदा काळा ठेवून बसत. व्हॉट्सॲपवर आम्ही सविस्तर संदेश लिहावा आणि उत्तरादाखल एक उभा अंगठा यावा. त्या अंगठ्याचा अर्थ "मान्य आहे" असा, की "वाचले, आता पुरे" असा, हे आजतागायत आम्हांला उमगलेले नाही. दोन निळ्या खुणा उमटूनही उत्तर न आले की मनात कडवटपणा साचे. समोरासमोर बसलेल्या माणसाचा थकलेला चेहरा दिसतो आणि राग विरघळतो; पडद्यावर केवळ मौन दिसते, आणि मौनात आपण आपल्याच मनातले वाचतो.

मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच कृषी-अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. ते निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. आठ जण मिळून ओढीत तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर, एकट्याने ओढताना लागणाऱ्या जोराच्या जेमतेम निम्मा भरे. १९७४ साली अमेरिकेतील संशोधकांनी डोळ्यांना पट्टी बांधलेल्या माणसाला, मागे आणखी माणसे ओढीत आहेत असे भासविले. प्रत्यक्षात तो एकटाच ओढीत होता, तरीही त्याचा जोर कमी झाला. म्हणजे समूहात माणूस हात आखडता घेतो, हे खरेच. प्रकल्पाच्या त्या दिवसांत आम्ही हे वाचले आणि आम्हांला मोठे समाधान वाटले. आमच्या तक्रारीला जणू शास्त्राचा आधार लाभला. पण रिंगेलमानने दुसरेही एक कारण सांगितले होते, ते आम्ही घाईने ओलांडून गेलो. सर्वांचा झटका एकाच क्षणी बसत नाही, म्हणूनही जोर वाया जातो. कुणी आळशी नसतो. हिसके तेवढे वेगवेगळ्या वेळी बसतात.

शेवटच्या आठवड्यात आम्ही जे केले, ते बहुतेक कष्टाळू माणसे करतात. सारा प्रकल्प एकहाती ताब्यात घेतला. रात्री एक-दोनपर्यंत जागून दुसऱ्यांची वाक्ये सुधारली, परिच्छेद हलविले, काही सरळ पुसून नव्याने लिहिले. ही मेहनत होती, यात शंका नाही. तिच्यात थोडा हुतात्मेपणाचा स्वादही होता, हे आज कबूल करतो.

प्रकल्प दाखल झाल्यावर एक नमुना भरायचा होता. प्रत्येक सहकाऱ्याला दहापैकी किती गुण द्याल? आम्ही थोडे थबकलो. एकीकडे वाटे, परदेशात राबणारी बाई, तिचे कशाला नुकसान करावे? दुसरीकडे वाटे, प्रमाणपत्र ही एक साक्ष आहे. ज्याने हे काम केले नाही, त्याने केले असे लिहून देणे म्हणजे खोटी साक्ष, आणि दयेपोटी दिलेली खोटी साक्षही खोटीच. अंतिम मसुदा डोळ्यांखालून घातला. परिचारिका भगिनीचे म्हणून एकही वाक्य त्यात आठवेना. आम्ही तिच्या नावापुढे दोन हा आकडा लिहिला आणि कर्तव्य केल्याच्या भावनेने झोपी गेलो.

चार दिवसांनी, बावखलावरचा एक वगळलेला उतारा शोधावा म्हणून आम्ही गूगल डॉक्समधील त्या मसुद्याच्या जुन्या आवृत्त्या उघडल्या. तेथे प्रत्येकाचे लेखन निराळ्या रंगात दिसते. तिसऱ्या आठवड्यातील एका पहाटे, रात्रपाळीतच कधीतरी, हिरव्या रंगात मोती तलावावरचा चारशेएक शब्दांचा मजकूर उतरलेला होता. भाषा ओबडधोबड, शुद्धलेखनाच्या चुका. पण तलावाकाठच्या रहदारीचे आणि आजीच्या आठवणींचे जे चित्र होते, ते कुठल्याही पुस्तकात सापडते ना. आणि पुढच्या एका आवृत्तीत, मध्यरात्रीनंतर पाऊण वाजता, तो सबंध मजकूर नाहीसा झालेला होता. पुसणाऱ्याच्या जागी आमचे नाव होते. त्याऐवजी आम्ही स्वच्छ, निर्दोष आणि निर्जीव असे दोन परिच्छेद घातले होते.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला वाचला जातो, तेव्हा आपण बहुतेक सारे मनातून दिवसभर उन्हात राबलेल्यांच्या बाजूचे असतो. अखेरच्या तासाला आलेल्याला तेवढीच मजुरी मिळावी, हे आपल्या हिशेबी मनाला पटत नाही. आम्हीही स्वतःला त्या राबणाऱ्यांत मोजीत होतो. परंतु दुसऱ्याचा दिवसभराचा खुरपा लपवून मग "हा रिकामाच बसला होता" असे मालकाला सांगणारा मजूर त्या दाखल्यात नाही.

तिने काहीच का म्हटले नाही, हा प्रश्न आम्हांला पुष्कळ दिवस छळीत राहिला. शाळेतल्या मुलाने बाकावरच भांडण केले असते. प्रौढाला हरकत घेणे जड जाते. त्याला आपल्या तुटक्या शिक्षणाची लाज असते. समोरचा वयाने मोठा, बँकेत अधिकारी असलेला, गटात सारे ज्याला अंकल म्हणतात असा. आमच्या आग्रहाला तिने मान दिला आणि आम्ही त्या मान देण्यालाच आळस समजलो.

आम्ही प्राध्यापकांना सर्व वृत्तान्त लिहून कळविला. आता आकडा बदलता येणार नाही, मात्र पत्र नोंदीत ठेवू, असे त्यांचे उत्तर आले. मग तिला लिहिले. तेही सहज लिहिता आले नाही. तीन वेळा खोडले. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: "अंकल, मला कळलं होतं तेव्हाच. तुमचं मराठी चांगलं, म्हणून मी गप्प बसले. आजीचं तेवढं राहायला हवं होतं."

पुढील सत्रात गट निवडण्याची मुभा होती. आमच्याबरोबर याल काय, असे आम्ही तिला विचारले. तिने कळविले की तिचा गट आधीच ठरला आहे, आणि त्यातील बाई रात्रपाळीच्याच आहेत.